नारळांच्या ओळीतली जागा

सुलोचना उठली तेव्हा खाणीचे ट्रक अजून सुरू झाले नव्हते. सकाळचा हा एवढाच वेळ रस्ता गावाचा असे. तिने न्हाणीतल्या पाणी तापवायच्या भाणीखाली नारळाची सोडणे सरकवून विस्तव केला, चूळ भरली आणि ओले फडके घेऊन ओट्याच्या कठड्यापासून पुसायला सुरुवात केली. गोव्याचे वेगळे राज्य झाले, रस्ता रुंद झाला आणि आमोण्याच्या धक्क्याकडे खनिज नेणाऱ्या ट्रकांची रांगही लांबली. तेव्हापासून आदल्या दिवसाची तांबडी धूळ रोज सकाळी अशी पुसून काढावी लागे. आधी कठडा, मग खिडक्यांची दारे, मग तुळशीचे एकेक पान, खालून बोटाचा आधार देऊन. बादलीतले पाणी विटकरी झाले की ते माडाच्या मुळात ओतायचे. तोवर पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वळणावर ऐकू येई. सायकलवरून न उतरताच तो विचारी, "वयनी, पोळी जाय आयज?" ती म्हणे, "नाका रे, उंडेच दी." दिवसातले पहिले बोलणे ते. पुष्कळदा शेवटचेही तेच ठरले असते, विहीर नसती तर.

घरामागच्या दोन खोल्या तिने सावंतवाडीकडच्या एका जोडप्याला भाड्याने दिल्या होत्या. प्रथमेश खाणीवर ट्रक चालवी; त्याची बायको पल्लवी दिवसभर घरी असे. विहीर दोन्ही घरांची एकच. पल्लवी कळशी घेऊन बाहेर पडण्याच्या वेळेशी सुलोचनाने आपली पाण्याची वेळ हळूहळू जुळवून घेतली होती. हे तिने स्वतःशीही कबूल केले नव्हते. कुणी विचारले असते तर ती म्हणाली असती की सकाळचे पाणी गार असते.

त्या सकाळी मात्र रहाटाशी पल्लवीची सासू उभी होती. शालिनी दोन दिवसांपूर्वीच गावाहून आली होती.

"पल्लवी खंय?" सुलोचनाने विचारले.

"निजलीहा. मीच म्हटलंय, आज पाणी मी काढतंय. तुमच्याशी जरा बोलाचा होता, वयनीनू." शालिनीने सुलोचनाची घागर स्वतःच भरून काठावर ठेवली. "एक मागणा असा. नाय म्हणू नकात."

मागणे साधे होते. पुढच्या आठवड्यात ग्रामदेवाचा माघातला वार्षिक दिवस होता. त्या दिवशी देवळात घरागणिक एक नारळ ओळीने मांडला जाई आणि देवळाचा मानकरी सगुण प्रत्येक घराचे गाऱ्हाणे, म्हणजे मागणे, देवापुढे घाली. पल्लवीच्या लग्नाला चार वर्षे झाली होती आणि पाळणा हलला नव्हता.

"हयचो देव म्हणतत जागृत असा. मी सगुणाक इचारून इलंय," शालिनी म्हणाली. "तो म्हणालो, ज्या घराच्या कौलाखाली माणूस वरसभर निजला, त्याच घराचो नारळ होयो. म्हणजे तुमचो. तुमचाय बरा, आमचाय बरा. तुमच्या घराचा नाव परत देवाच्या कानार पडात."

"बघतां," सुलोचना म्हणाली आणि घागर उचलून आत आली. पाणी भरून झाल्यावरही ती स्वयंपाकघरात बराच वेळ काही न करता उभी राहिली.

गाऱ्हाणे म्हणजे काय हे त्या गावात तिच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिच्या नवऱ्याने, गोकुळदासने, सगुणच्या वडिलांना आपले मागणे सांगितले होते. तिला विचारून नव्हे. तसे विचारण्याची पद्धत नव्हती. मग देवळात, सगळ्या गावासमोर, नारळावर हात ठेवून म्हाताऱ्याने खणखणीत आवाज लावला होता: "बा म्हाराजा! गोकुळदासाच्या घरातसून नारळ इलो असा. त्याच्या अस्तुरेच्या कुशीक फळ दी. घराक दिवो दी!" आणि सारे देऊळ एका तोंडाने म्हणाले होते, "व्हय म्हाराजा!"

एकदा घातलेले मागणे पुरे होईपर्यंत दर वर्षी घालायचे, असा त्या देवळाचा रिवाज होता. म्हातारा गेला, सगुण आला. मागणे तेच राहिले. सुरुवातीला शेजारच्या बायका त्या क्षणी तिचा हात दाबत. पुढे नुसत्या तिच्याकडे बघत. आणखी पुढे बघायच्याही थांबल्या, आणि ते अधिक कठीण होते. तिचे वय उलटून गेले तरी मागणे थांबले नाही, कारण पुरे न झालेले मागणे मागे कसे घ्यायचे हे कुणालाच ठाऊक नव्हते. देवाने तर "नाही" असे कधी म्हटलेच नव्हते. शेवटच्या काही वर्षांत मागच्या बाजूने दबलेले हसू ऐकू येई. त्या दिवशी देवळातून परतताना गोकुळदास एरवीसारखा पुढे न चालता तिच्याबरोबर चाले. त्याच्या परीने ते काय होते, हे तिने कधी विचारले नाही आणि त्याने कधी सांगितले नाही.

मग तो गेला. पहिल्या वर्षी घराला सुतक म्हणून नारळ नव्हता. दुसऱ्या वर्षी ती स्वतः नारळ घेऊन सगुणकडे गेली होती.

"मागणें कितें, वयनी?" सगुणने विचारले होते.

"मागणें ना. घराचें नांव घे, पुरो."

सगुण वाईट माणूस नव्हता. त्याने तिला बसायला पाट दिला, पेल्यातून चहा दिला, आणि खरोखरच अडचणीत पडल्यासारखा म्हणाला, "वयनी, नांवाक मागणें लागता. घर वाडचें म्हणून नारळ. कुणाचें लग्न, कुणाची नोकरी, कुणाची गाय. तूं एकली. तुका आनीक कितें मागतलों? आनी रघुनाथाच्या नारळांत 'घरचीं सगळीं माणसां' म्हणटां न्हय हांव? तांतूंत तूं आयलीच."

रघुनाथ तिचा दीर. त्याच्या घराचा नारळ तिच्या घराच्या नारळाला लागून असे. त्या वर्षी सगुणने रघुनाथचे गाऱ्हाणे संपवले आणि श्वास घेऊन तो पुढच्या घराकडे वळला. वीस-बावीस वर्षांच्या सवयीने सुलोचनाने नेमक्या त्या क्षणी मान खाली घातली होती. आणि काहीच आले नाही. जे ऐकू नये म्हणून ती इतकी वर्षे अंग चोरून बसली होती, ते न आल्यावर तिला देवळात आपण आहोत की नाही असे वाटले. गावाने तिची नोंद एका उणिवेच्या रूपाने ठेवली होती. ती उणीव मागण्याच्या पलीकडे गेली तशी तीही गेली.

आता हे तिसरे वर्ष. सलग तीन वर्षे नारळ आला नाही की ओळीतली ती जागा बंद होई, आणि बंद झालेली जागा पुन्हा उघडल्याचे कुणाला आठवत नव्हते.

दुपारी रघुनाथ आला. डिचोलीच्या बाजारातले आपले बियाण्यांचे दुकान बंद करून मुद्दाम आला होता. कुणीतरी त्याच्या कानावर घातले होते.

"वयनी, हें देवानूच केलें म्हण," तो ओट्यावर टेकत म्हणाला. "दादाची जागा ती. हांव रात-दीस चिंतीत आशिल्लों. आतां भाडेकरूंचें म्हणून कां जायना, नारळ तुज्याच घराचो."

"सगुणबाब नांव कोणाचें घेतलो?"

"कोणाचें म्हणजे?"

"दादाचें नांव घेवंक मेळचें ना. तो ना."

रघुनाथ क्षणभर गोंधळला, मग हसला. "खरेंच गो. तुजेंच घेवंक जाय. 'सुलोचनाच्या घरातसून' म्हणूंक जाय ताका. बायलमनशेचें नांव त्या ओळींत पयलेंच आसतलें!"

तो गेल्यावर ते वाक्य घरात राहिले. दुपारी आडवी झाल्यावर तिने ते सगुणच्या आवाजात ऐकून पाहिले. सुलोचनाच्या घरातसून नारळ इलो असा. वय झालेल्या बाईने अशा गोष्टीचा हव्यास धरू नये हे तिला कळत होते, आणि तरी तिने ते पुन्हा ऐकले. दुसऱ्या दिवशी तिने माडांवर पाडेली चढवला. उतरवलेल्या ढिगातून एक नारळ निवडला, जड, भरलेला, शेंडी घट्ट असलेला. सोलून, पुसून तो मेजावर ठेवला. शालिनीला अजून तिने तोंडाने होकार दिला नव्हता. पण पाडेली माडावर चढलेला शेजारी चंद्रावतीने पाहिला होता, आणि चंद्रावतीने पाहिले म्हणजे गावाने पाहिले.

तिसऱ्या प्रहरी शालिनी चंद्रावतीबरोबर देऊळ बघायला गेली. पल्लवी मागच्या दाराने आत आली. हातात घावण्यांची ताटली होती. ती ठेवायला मेजाकडे वळली आणि थांबली.

"काकी, हो नारळ?"

"तुजो," सुलोचना म्हणाली. तिला वाटले होते, मुलगी लाजेल.

पल्लवीने ताटली चुलीच्या कट्ट्यावर ठेवली. ती बसली नाही. "चंद्रावती-मावशीन माका सांगल्यान. तुमचा. दर वरसा कसा नाव घेईत ता."

"ती कितेंय सांगता."

"काकी, तेव्हा तुम्ही खय बघीत होतात?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारले नव्हते. आईने नाही, नवऱ्याने नाही. सुलोचनाने उत्तर शोधले नाही. ते तयारच होते. "सकल, जमनीर. म्हज्या जाग्यार लादयेक एक चीर आसा. ती बघत बसतालीं."

पल्लवी जवळ सरकली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "एक गेला, काकी. तिसऱ्या म्हयन्यात. गेल्या पावसात. ह्यांका म्हायत असा, आईंका नाय. ता मी कोणाक सांगूक नाय. आणि आता सगळ्या गावान त्याच्यार 'व्हय म्हाराजा' म्हणाचा?"

गेल्या पावसात ही मुलगी आठवडाभर विहिरीवर आली नव्हती. थंडीताप आहे असे तिने सांगितले होते, आणि सुलोचनाने पेजेची वाटी दारात ठेवून पाठ फिरवली होती, उगाच चौकशी नको म्हणून.

"मगे सासूक सांग, नाका म्हण."

"सांगलंय तर माका गावाक नेतीत. म्हणतीत, मनातच नाय तर फळ खयचा. ह्यांका हयसर एकट्याक ऱ्हवाचा लागात." पल्लवीने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "ह्यांनी वास्कोक बंदरार काम बघलेला असा. पावसाच्या आधी जावक गावात. तेवढा एक वरस टळला तर... पण काकी, मी म्हटलंय असा सांगू नकात. तुमच्या पाया पडतंय."

"पाया कित्याक पडटा? वच. घावणीं बरीं दिसतात."

पल्लवी गेली. सुलोचनाने घावणे खाल्ले. मीठ थोडे कमी होते. वास्को. पावसाच्या आधी. म्हणजे हो म्हटले काय आणि नाही म्हटले काय, पुढच्या माघात विहिरीवर ती एकटीच असणार होती. हे तिला कुणी सांगितले नव्हते, आणि का सांगावे? भाडेकरूंनी जाण्याची बातमी शेवटीच द्यायची असते.

पण जागेचा प्रश्न निराळा होता. ती दोघे गेली तरी ओळीतली जागा राहिली असती. एकदा पल्लवीसाठी मागणे घातले की ते दर वर्षी घालावे लागले असते. जिच्यासाठी मागणे ती वास्कोत असली तरी. पल्लवी इथे नसतानाही दर माघात हे देऊळ तिच्या कुशीसाठी एका तोंडाने ओरडले असते आणि त्या ओरडण्याच्या आधी सुलोचनाचे नाव घेतले गेले असते. तिने हा हिशेब अगदी शेवटपर्यंत करून पाहिला. तो बरोबर येत होता. तिच्या बाजूने येत होता. याचीच तिला भीती वाटली.

संध्याकाळी शालिनी आणि चंद्रावती मागच्या पडवीत बसल्या होत्या. सुलोचना त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"शालिनीबाय, नारळ मेळचो ना."

शालिनीला आधी कळलेच नाही. "म्हणजे? काढलास मा नारळ? मावशीन बघल्यान."

"काडलो. पूण दिवची ना."

"गो सुलोचना, खुळी काय गो तूं?" चंद्रावती म्हणाली. "देवाचें काम तें. तुजें कितें वता? एक नारळ!"

"घर म्हजें. म्हज्या मनांत ना."

"मनात नाय म्हणजे काय असा मनात?" शालिनी उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. उलट खाली आला. "माका कळला. आपल्या कुशीक गावला नाय, ता दुसऱ्याच्या कुशीत बघवत नाय. म्हणानच देवान तुमका..." पुढचे तिने गिळले.

खोलीच्या दारात पल्लवी होती. सुलोचनाला चौकटीवर धरलेली तिची बोटे तेवढी दिसत होती. तिकडे नजर गेली तर ही मुलगी बोलून टाकील, हे तिला स्पष्ट कळले. म्हणून तिने शालिनीच्याच तोंडाकडे पाहिले, शालिनीचे पाहणे संपेपर्यंत.

"जाय तितें म्हण," ती म्हणाली. "फाल्यां हांव सगुणबाबाक सांगून येतां."

रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला शालिनीचा राग आला नाही, आणि याचे कारण तिला आवडण्यासारखे नव्हते. शालिनी म्हणाली ते आज खोटे होते; पण ते कधीच खरे नव्हते असे सुलोचना शपथेवर सांगू शकली नसती. पूर्वी, बारशाच्या घरातून परतताना, काही वेळा तिच्या मनात जे येऊन गेले होते ते तिचे तिला ठाऊक होते. माणूस बाहेरून जसा दिसतो त्याहून आत चांगला असतो, असे मानणे तिला कधी जमले नव्हते. आत दोन्ही असते. त्यातले कोणते दाराबाहेर सोडायचे, एवढेच हातात राहते, आणि तेही प्रत्येक वेळी नव्याने.

दुसऱ्या दिवशी सकाळची धूळ पुसून झाल्यावर ती सगुणकडे गेली. तो अंगणात सुपाऱ्या पसरत होता.

"सगुणबाब, म्हज्या घराचो नारळ येवचो ना."

सगुणने हात थांबवले. "आयकलें हांवें. पूण म्हाका खरें दिसलें ना. वयनी, हें तिसरें वर्स."

"खबर आसा."

"जागा वतली."

"तेंय खबर आसा."

"रघुनाथाक सांगलें?"

"सांगतलें."

तो काहीतरी कारण ऐकण्याची वाट बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर कुतूहल होते, थोडी कीवही होती. कारण दिले असते तर ते त्याने प्रामाणिकपणे जपून ठेवले असते, निदान आठवडाभर. सुलोचनाने एक घरंगळलेली सुपारी उचलून त्याच्या सुपात टाकली आणि ती निघाली.

रघुनाथने ऐकून घेतले. "दादान कितें म्हटलें आसतें?" एवढेच तो म्हणाला आणि दुकानाला उशीर होतो म्हणून उठला. त्या आठवड्यात तो पुन्हा आला नाही. विहिरीवरच्या वेळा बदलल्या. शालिनी सुनेला घेऊन उन्हे चढल्यावर पाणी काढी. स्वयंपाकघरात बसून सुलोचनाला रहाटाचा आवाज ऐकू येई. कळशी भरल्यावर दोर सोडण्यापूर्वी क्षणभर थांबण्याची पल्लवीची सवय होती. तो थांबा ऐकून ती भाजी चिरायला घेई. पोदेरही एक दिवस फाटकाशी न थांबता पुढे गेला, चुकून असेल.

वार्षिक दिवशी ट्रक बंद होते. आंघोळ करून, धुतलेले लुगडे नेसून सुलोचना देवळात गेली. न जाण्याचा विचार तिच्या मनात आला होता; पण मग ती घरी का बसली याचेही काहीतरी कारण गावाने शोधले असते, आणि शोधता शोधता कुणी पल्लवीपर्यंत पोचले असते. बायकांनी तिला जागा दिली, नेहमीपेक्षा थोडी जास्तच. चंद्रावतीने पदर सावरून घेतला. पलीकडे शालिनी बसली होती आणि तिच्याशेजारी पल्लवी, दोन्ही हात मांडीवर घेऊन.

नारळ मांडून झाले होते. सगुण ओळीवरून नजर फिरवत आला, रघुनाथच्या नारळाशी थांबला आणि खाली वाकला. त्याने मधली मोकळी जागा बुजवत पुढचा नारळ सरकवून रघुनाथच्या नारळाला भिडवला, मग त्याच्या पुढचा, मग त्याच्याही पुढचा. जमिनीवर नारळ सरकल्याचा खरखर आवाज थोडा वेळ येत राहिला. सगळे गाव ते बघत होते. मग तो सरळ झाला, हात जोडले आणि गाऱ्हाणी सुरू झाली.

घरे येत गेली. कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाच्या गायीचे दूध, कुणाचे खटल्यात अडकलेले शेत. रघुनाथचे गाऱ्हाणे आले. "घरचीं सगळीं माणसां सुखी दवर म्हाराजा," सगुण म्हणाला, आणि श्वास घेऊन पुढे वळला.

पल्लवीचे नाव कुणी घेतले नाही.

पुढचे घर चंद्रावतीचे होते. तिच्या धाकट्या मुलीच्या, सेजलच्या, लग्नाचे मागणे होते. नाव अर्थात तिच्या नवऱ्याचे घेतले गेले. "बा म्हाराजा! ह्या घरातसून नारळ इलो असा. चेडवाक बरा घर दी!"

"व्हय म्हाराजा!" देऊळ म्हणाले, आणि त्यात सुलोचनाचाही आवाज होता.